खांबेटेकाकांच्या चकत्या

हातात आलेली प्लास्टिकची कुठलीही वस्तू खांबेटेकाका आधी टेबलावर टाकून पाहत. बाटलीचे झाकण, शर्टाचे बटण, चहाच्या दुकानातला चमचा, काहीही. वीतभर उंचीवरून टाकायची आणि टाकताना डोळे मिटायचे. ती पडून, वाजून, थोडी घरंगळून थांबली की ते डोळे उघडत आणि ती कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे ते सांगत. कोणी विचारलेले नसले तरी सांगत.

आमची ओळखही अशीच झाली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या वाचनालयात मी नोकरीची सगळी वर्षे काढली, तिथे दाराशी पिशवी ठेवून घेऊन वाचकाला एक बिल्ला देण्याची पद्धत होती. बिल्ले प्लास्टिकचे, गोल, लाल-निळे-पांढरे, वर काळ्या रंगाने आकडे घातलेले. एका दुपारी एक उंच, किडकिडीत, सत्तरीचे गृहस्थ आले. मी बिल्ला दिला. त्यांनी तो काउंटरवर टाकला. टिण्ण असा आवाज झाला. त्यांनी पुन्हा टाकला. वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

"बाई, हे बिल्ले कोणी आणले?"

"माझ्या आधीपासून आहेत. का हो?"

"ही पत्त्यांच्या डावातली चकती आहे. पैशांऐवजी मांडतात ना, ती. वाचनालयात जुगार चालायचा की काय?"

मला चटकन थट्टा कळत नाही. मी गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे शांतता पाळावी लागते."

"पत्ते शांततेतच खेळतात," ते म्हणाले. "बोलला तो हरला."

मग त्यांनी सगळे बिल्ले पाहायला मागितले. चौऱ्याऐंशी होते. तासाभरात त्यांनी त्यांचे पाच ढीग केले आणि प्रत्येक ढिगाबद्दल मला सांगितले. जाताना मी सहज विचारले, "याची किंमत किती असेल?"

"रुपयाला एक. फार तर दोन रुपयांना. तुम्ही वर आकडे रंगवलेत, म्हणून आता आठ आणे. पण रंग काढायला जाऊ नका. मग चारच आणे येतील."

ज्या पुस्तकासाठी आले होते ते न्यायचे ते विसरले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि मग येतच राहिले.

श्रीधर खांबेटे वागळे इस्टेटमधल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात साचे करत. डायमेकर. डबे, कंगवे, खेळणी, रेडिओच्या खुंट्या, ज्या ज्या वस्तूचा साचा त्यांच्या हातून गेला तिची त्यांना पोटच्या पोरासारखी आठवण असे. निवृत्तीनंतर त्यांना छंद लागला तो या चकत्यांचा. लोक नाणी जमवतात, तिकिटे जमवतात. काकांनी जगातली बहुधा सर्वांत स्वस्त गोष्ट जमवायला घेतली. मी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, "वैजू, नाण्यावर राजाचं नाव असतं, साल असतं. त्याला ओळखायला काय लागतं? या बिचारीवर काहीच नसतं. हिला हात लावूनच ओळखावं लागतं."

आणि ते ओळखत. सोनाराकडचा छोटा काटा, व्यास मोजायचा एक व्हर्नियर आणि एक भिंग एवढाच संसार. आधी वजन, मग व्यास, मग कड. कडेच्या खाचा एकमेकींत बसतात का, म्हणजे चळत उभी राहते का. वरचे चित्र साच्यातूनच उठले आहे की मागून सोनेरी ठसा मारला आहे. मग भिंगातून ते चकतीच्या काठावरचा एक बारीकसा टिपका शोधत. वितळलेले प्लास्टिक साच्यात जिथून शिरते त्याची ती खूण. तिला ते बेंबी म्हणत. "प्रत्येकीला बेंबी असते. जिला नाही ती ओतलेली नाही, कापलेली आहे. ती जुन्या घराण्यातली."

जुन्या घराण्यातली म्हणजे बेकेलाइटच्या जातीची. आपल्या जुन्या विजेच्या बटणांचे काळे प्लास्टिक असे ना, त्याची भावंडे. त्या चकत्या जड, आवाजाला ठस्स, अंगठ्याने घासल्या की कार्बोलिक साबणासारखा वास येणाऱ्या; पांढरी असेल तर काळाने लोण्यासारखी पिवळी झालेली. त्यांना खरोखर किंमत येते. बाकीच्या सगळ्या साध्या, हलक्या, टिण्ण वाजणाऱ्या. शंभर चकत्यांच्या डब्यात शंभरही साध्याच निघतात. काकांना त्या तितक्याच आवडत. गरम सुई टोचून पाहायची एक पद्धत आहे. तिचा त्यांना राग होता. "भोक पाडून कसली ओळख करून घ्यायची?"

"आधी ओळख, मग किंमत," हे त्यांचे नेहमीचे. आणि दुसरे, "स्वस्त वस्तूला महाग म्हटलं की तिचा स्वस्तपणाही जातो. मग ती कोणाचीच राहत नाही."

एका रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर मी कल्याणला गेले होते. स्टेशनपासून थोड्या अंतरावर एकजण फुटपाथवर जुने सामान मांडून बसायचा. घड्याळे, कुलुपे, फुटके कॅमेरे. काकांना पाहिल्याबरोबर त्याने चकत्यांची पिशवी पुढे ओतली.

"काका, अँटिक आहे! कसिनोचा माल, ब्रिटिश टाइमचा. पन्नासला एक."

"अरे, ब्रिटिशांच्या वेळी असलं प्लास्टिक कोण ओतत होतं? ही बघ बेंबी. माझ्यापेक्षा लहान आहे ती."

"काका, धंदा खोटी करू नका ना. बरं, सगळ्या घ्या. तीस द्या."

काकांनी भिंग काढले. दहा मिनिटे गेली. मग म्हणाले, "तीस कमी सांगतोस. या सात हिरव्या वेगळ्या आहेत, जहाजाचा छाप आहे यांच्यावर. सत्तर घे."

तो काकांकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, काकांना घरी घेऊन जा. तब्येत बरी नाही त्यांची."

किंमत वर जावो की खाली, त्यांना ती बरोबर हवी असे. लोक त्यांच्याकडे डबे घेऊन येत. आजोबांचा डबा, माळ्यावर सापडलेला डबा. काका पैसे घेत नसत. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीमागे ते सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून देत. वस्तू काय, कशाची, किती जुनी, किंमत किती. आणि खाली सही. चिठ्ठीची नक्कल स्वतःच्या वहीत ठेवत.

बाळकुमच्या जानकीबाईंचा डबा त्यातलाच. जानकीबाई मूळच्या मिठागरात राबलेल्या घरातल्या. आता त्याच जमिनीवर इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीत तळमजल्यावर त्यांची जागा. त्यांची धाकटी मुलगी सुनंदा आमच्या वाचनालयाची वाचक. ती एकदा म्हणाली, "आईकडे बाबांचा एक डबा आहे, बघाल का?" म्हणून आम्ही गेलो.

जानकीबाईंचे यजमान ठाण्यातल्या एका जुन्या क्लबात पहारेकरी होते. क्लब बंद झाला तेव्हा मालकाने नोकरांना सांगितले, ज्याला जे हवे ते एकेक उचला. "कोनी खुर्ची नेली, कोनी पंखा नेला," जानकीबाई सांगत होत्या, "आनि आमच्या म्हाताऱ्यानी ह्यो डबा आनला. सगला गाव हसला मना. पोरं घामानी भिजतात आनि हा चकत्या घेऊन आला! म्हातारा बोलायचा, जानके, भारी वस्तू हाय, तुला नंतर कलेल. मेला बिचारा बोलत बोलत."

पेटाऱ्यात, साड्यांच्या तळाशी ठेवलेला डबा त्यांनी बाहेर काढला. लाकडी, आत दोनशे चकत्या. काका टाकून पाहू लागले तर जानकीबाईंनी हात धरला. "आपटू नका हो. त्याची आठवन हाय." पाण्यात घालायलाही त्या नको म्हणाल्या. काकांनी मग नुसत्या घासल्या, वास घेतला, खिडकीशी नेऊन रंग पाहिला. बराच वेळ पाहिला. काटा बरोबर नव्हता; भिंगातून बेंबी शोधली, ती दिसली नाही. आणि चिठ्ठी लिहिली. बेकेलाइटच्या जातीचा जुना माल. डब्यासह अंदाजे पंचवीस हजार.

सुनंदाने चिठ्ठी मोठ्याने वाचली. जानकीबाई उठल्या, भिंतीवरच्या यजमानांच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंस का?"

परतताना काका फार खुशीत होते. मी त्यांना तेवढे खुशीत क्वचितच पाहिले.

यानंतर दोन वर्षांनी काकांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर पहिले काही दिवस ते लहान मुलासारखे वागत. सुमतीकाकूंना विचारत, "दूध एवढं पांढरं असतं?" काकू म्हणत, "मी पाणी घालत नाही म्हणून." मला त्यांनी वाचनालयाच्या भिंतीबद्दल विचारले, "ही कधी रंगवलीत?" भिंत कोणी रंगवली नव्हती. इतकी वर्षे त्यांच्या डोळ्यांवर पिवळी झाक होती आणि ती हळूहळू चढल्यामुळे त्यांना कळलीच नव्हती.

महिनाभरात सुनंदा आली. हातात रुमालात बांधलेल्या पाच पांढऱ्या चकत्या. आईने वाटणी केली होती. आपली सोन्याची नथ थोरल्या मुलीला, रत्नाला, चकत्यांचा डबा सुनंदाला. चिठ्ठीप्रमाणे किंमत साधारण सारखीच. सुनंदा घरी साड्यांना फॉल-पिको करून देत असे. डबा विकून तिला नवे मशीन घ्यायचे होते. "बाबांनी आणलेलं माझ्या कामाला आलं, असं आई सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "काका, तुमच्या ओळखीत कोणी घेणारा आहे का?"

काकांनी चकती हातात घेतली. उजेडाकडे धरली, घासून वास घेतला. त्यांनी ती काउंटरवर टाकली.

टिण्ण.

"मी रविवारी घरी येतो," ते म्हणाले. "आईंना थांबायला सांग."

ती गेल्यावर ते वाचकांच्या बाकावर बसले. म्हणाले, "डबा उघडायच्या आधीच वास आला होता, वैजू. पेटारा उघडला तेव्हाच. साड्यांत वासासाठी साबणाची वडी ठेवतात ना बायका? तिने लाल कार्बोलिकची ठेवली असणार. वाटणी झाल्यापासून डबा पेटाऱ्याबाहेर आहे. आता वास नाही. रंग माझ्या डोळ्यात होता आणि वास तिच्या साबणाचा. चकतीचं त्यात काहीच नव्हतं."

"तुम्हाला टाकू दिलं नाही त्यांनी."

"मग चिठ्ठी लिहायची नव्हती. मला ती बाई हसलेली बघायची होती. म्हणून लिहिली."

मी खूप विचार करून एक गोष्ट बोलले. आजही मला तिची लाज वाटते, पण तेव्हा मी ती मनापासून बोलले. "काका, पंचवीस हजार माझ्याकडे आहेत. कोणी गिऱ्हाईक मिळालं असं सांगते. सुनंदाचं मशीन होईल, जानकीबाईंचा मान राहील, तुमचंही..."

"म्हणजे चूक माझी आणि खोटं तुझं?" त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. "आणि उद्या रत्नाला कळलं, की नथीच्या बदल्यात बहिणीला प्लास्टिक मिळालं होतं, तर? त्या दोघी काय माझ्या चिठ्ठीवर भांडतील जन्मभर?"

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने बाळकुमला गेलो. जानकीबाईंनी दार उघडले आणि काकांचे डोळे बघून म्हणाल्या, "बरं झालं काम? आता कसं दिसतंय?"

"स्वच्छ दिसतंय. म्हणून आलोय," काका म्हणाले. "मला एक पातेलं पाणी द्या आणि मीठ द्या. बरंच लागेल."

"मिठाचं मना नका सांगू. किती दाट करू? अंडं तरंगेल येवढं?"

"तेवढंच."

त्यांनी स्वतः मीठ घालून ढवळले, बोट बुडवून जिभेला लावले, आणखी मूठभर घातले. काकांनी आधी एका वाटीत साधे पाणी घेऊन त्यात चकती टाकली. ती तळाला गेली. मग म्हणाले, "जुन्या मालाची असेल तर तुमच्या मिठाच्या पाण्यातही बुडेल. साधी असेल तर वर येईल." आणि चकती जानकीबाईंच्या हातात दिली.

जानकीबाईंनी ती खाऱ्या पाण्यात सोडली. ती तरंगली. त्यांनी बोटाने दाबली. ती वर आली. दुसरी सोडली, लाल. ती वर आली. निळी सोडली. सुनंदा ओट्याला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"साधं प्लास्टिक आहे," काका म्हणाले. "डब्यासकट चारशे रुपये. मी चुकलो. माझे डोळे अधू होते हे मला ठाऊक नव्हतं, पण पारख पुरी झाली नाही हे ठाऊक होतं. तरी लिहून दिलं."

पातेल्यात तीन चकत्या हलत होत्या. जानकीबाईंनी तसबिरीकडे पाहिले.

"म्हंजी पंखाच आनायचा होता," त्या म्हणाल्या.

सुनंदा हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. "असू दे गं आई. मला डबा आवडतो. मशीनचं बघू पुढे."

"पुढे काय बघू? तुझ्या वाट्याला प्लास्टिक देऊन मी डोले मिटू?" जानकीबाईंचा आवाज आता चढला होता. "रत्नाला फोन लाव. वाटनी परत करायची."

"आई, ताई काय म्हणेल?"

"काय म्हनायचं ते माझ्या तोंडावर म्हनेल. लाव."

काकांनी जुनी चिठ्ठी मागितली. जानकीबाईंनी ती डब्यातून काढून फाडायला घेतली, पण काकांनी फाडू दिली नाही. त्यांनी तिच्यावरच खाली लिहिले, वरची किंमत चुकीची आहे. खरी किंमत रुपये चारशे. चूक माझी. आणि पुन्हा पूर्ण सही केली. सुनंदाने ते आईला वाचून दाखवले. जानकीबाईंनी तिला 'चूक माझी' हे दोन शब्द पुन्हा वाचायला लावले.

निघताना काका चपला घालत म्हणाले, "रागावलात ना माझ्यावर?"

"रागावू नको तर काय करू? दोन वर्सं सगल्या बालकुमाला सांगत फिरले मी. आता त्यांना काय सांगू?" त्या काकांकडे बघत राहिल्या. "रागावलेय. जेवून जा."

काकांनी चपला काढल्या. ते मासे खात नसत, म्हणून त्यांच्यासाठी जानकीबाईंनी वेगळे वांग्याचे कालवण केले, मला मासे वाढले. जेवताना त्या काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांच्या पानात भात तीनदा वाढला आणि काकांनी तो मुकाट्याने संपवला. रत्ना दुपारी येणार होती. आम्ही तिच्या आधी निघालो. पुढे सुनंदाकडून कळले, की दोघी बहिणींनी नथ विकून पैसे वाटून घेतले, आणि डबा जानकीबाईंनी परत आपल्या पेटाऱ्यात ठेवला.

रिक्षात मी विचारले, "आता बरं वाटतंय का?"

"नाही," ते म्हणाले. "बरं वाटायला नव्हतो गेलो."

त्यांना जाऊन आता चार महिने होत आले. झोपेत गेले, काकूंनाही सकाळी हाक मारल्यावर कळले. परवा काकूंनी मला बोलावून घेतले. चकत्यांचे अकरा डबे कपाटात होते. पुण्याहून मुलगा विचारत होता, बाबांच्या या संग्रहाचे काही येईल का.

मी तीन दुपारी तिथे बसले. डोळे मिटून एकेक चकती टेबलावर टाकली, बेंब्या शोधल्या, पातेल्यात मीठ घातले. सगळे डबे झाले तेव्हा कॅलेंडरचे पान घेतले. आकडा लिहिताना मला वाटले, एक शून्य वाढवावे. कोण बघायला येणार आहे? एवढ्या माणसाच्या एवढ्या वर्षांची काही तरी किंमत दिसावी. पेन बराच वेळ हातात राहिले. मग मी लिहिले, सगळे मिळून एकवीसशे, आणि खाली सही केली.

काकूंनी पान चष्म्याजवळ नेले.

"एकवीसशे? आयुष्यभराचे?"

"हो, काकू."

"हे असते तर किती म्हणाले असते?"

मी जरा विचार केला. "दोन हजार," म्हणाले.

काका गेल्यानंतर काकू पहिल्यांदाच हसल्या.